शक्तिमानचा अल्टरनेटर बदलू का?

प्रश्न: लिलावातला जुना शक्तिमान ट्रक आहे, त्यावर टाकी बसवून उन्हाळ्यात द्राक्षबागेला पाणी आणतो. बॅटरी चार्ज करणारा मूळचा डायनामो काढून आधीच्या मालकानं त्याजागी २४ व्होल्टचा अल्टरनेटर बसवलाय. बॅटऱ्या दोन्ही चांगल्या, तरी सकाळी सेल्फ मारत नाही, ट्रॅक्टरला टोचन लावून चालू करावी लागते. चार्जिंगचा दिवा चावी फिरवली तरी लागतच नाही. मेकॅनिक म्हणतोय अल्टरनेटर बदला.
– एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर: थांबा जरा, पैसे घालवू नका. दिवा लागत नाही हे तुम्हीच लिहिलंय ना, मग सुरुवात तिथनंच करा. त्या बारक्या बल्बमधून जो करंट जातो त्यानंच रोटरला (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या भागाला) पहिलं चुंबकत्व मिळतं, बल्ब उडाला की अल्टरनेटर चांगला असूनही झोपून राहतो. चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा, अल्टरनेटरवरची दिव्याची बारकी वायर काढून बॉडीला टेकवा (जाडीला हात लावू नका, ती थेट बॅटरीची असते). दिवा लागला तर वायरिंग ठीक, घोळ अल्टरनेटरच्या आत आहे, बहुतेक कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत नाहीतर व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलाय. नाही लागला तर बल्ब, फ्यूज नाहीतर वायर, आणि बल्ब २४ व्होल्टचाच घाला.

मग मीटर लावा. इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या मिळून २५ च्या आसपास, रेस दिल्यावर २७.५ ते २८.५ पाहिजे. अल्टरनेटरवर २८ आणि बॅटरीवर २६ दिसलं तर मधेच कुठंतरी व्होल्ट गळतायत, वायरीच्या टोकाचे लग हिरवे पडलेले असतात नाहीतर इंजिनचं अर्थिंग गंजलेलं. आणि हो, डायनामोचा जुना कटआउट (बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा डबा) अजून लाइनीत ठेवलाय का बघा! अल्टरनेटरला त्याची गरजच नसते, उलटा करंट त्याच्या आतले डायोडच अडवतात, पण हा डबा काढायचा सगळे विसरतात.

अजून एक, टेपसाठी एकाच बॅटरीवरनं १२ व्होल्ट घेतलेत का? आपल्याकडं निम्म्या गाड्यांत हेच केलेलं असतं, मग एक बॅटरी उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघायची जुनी खोड डायनामोला चालून जायची, इथं डायोड उडतील. कार्बन बदलायचं काम मिरज-कुपवाडकडं कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन करून देईल, फक्त जुना पीस एक्स्चेंजमध्ये देऊन बसू नका.