चिमणीच्या डोळ्यात पांढरा टाका नको

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. त्याच आठवड्यात खिडकीच्या काचेवर आपटून एक चिमणी मेली. तिचे फोटो माझ्याकडे आहेत. बाबांच्या सुती शर्टावर ती सुई-दोऱ्याने भरायची आहे, पण कात्री लावायचा धीर होत नाही, शर्टाला अजून त्यांचा वास आहे. साध्या कापडावर तीनदा भरून पाहिली, दर वेळी जिवंतच दिसते. घरचे म्हणतात, मेलेली कशाला, उडणारी भर.

उत्तर: मेलेलीच भरा. तुम्ही पाहिली ती तीच. उडणारी भरली तर ते दुसऱ्याच चिमणीचं चित्र होईल.

आधी शर्ट. अख्खा शर्ट कापायची गरजच नाही. चिमणी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १५-१६ सेंटिमीटर असते. खऱ्या मापात भरली तर ३० सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. तो पाठीच्या खालच्या भागातून, पँटमध्ये खोचला जातो तिथून घ्या. कॉलर, खांदे, कोपर इथलं कापड विरलेलं असतं, टाका ओढला की चीर जाते. तुकडा आधी कापा आणि मग फक्त तेवढाच धुवा. कापडात राहिलेला घाम पुढे पिवळा पडतो आणि कीड ओढतो. बाकीचा शर्ट न धुता, कोरडा असताना, झाकणाच्या डब्यात राहू द्या. वास त्यात आहे, तो तुमच्याकडेच राहील.

तुकड्याच्या मागे पातळ मलमल लावा, दर ५ सेंटिमीटरवर उभा-आडवा धावदोरा घाला. चित्र पाण्याने जाणाऱ्या पेनाने काढलंत तर ते धुऊन काढेपर्यंत इस्त्री फिरवू नका, उष्णतेने शाई पक्की बसते.

आता ती जिवंत का दिसते ते. बहुधा तुम्ही बुबुळात पांढरा ठिपका भरताय. ती चमक ओल्या डोळ्याची असते. मेल्यावर डोळा सुकतो, आत जातो, पापणी अर्धी मिटते. तिथे राखाडी दोऱ्याचा एक पदर, दोन-तीन आखूड टाके, बस्स. दुसरं कारण मान. जिवंत पक्षी मान तोलून धरतो, मेलेल्याची सैल पडते. फोटो ट्रेस करताना हात नकळत ती सरळ करतो, म्हणून मानेची रेघ दोनदा ताडून पाहा.

पिसं शेपटीकडून डोक्याकडे भरत या. वरची ओळ खालच्या ओळीवर कौलासारखी चढली पाहिजे. उलट्या दिशेने भरलं की अंग खवल्यांचं दिसतं. सहापदरी दोऱ्यातले दोन पदर पंखांना, एकच पदर डोक्याला, लांब-आखूड टाक्याने, म्हणजे शेजारी-शेजारी एक लांब, एक आखूड. टाका १ सेंटिमीटरच्या आत, नाहीतर लोंबतो. दोरा हातभर, जास्त घेतला तर पिंजारतो. शेपटीची पिसं १२, पण मिटलेल्या शेपटीत चार-पाचच दिसतात, तेवढीच भरा.

खरी पिसं मात्र लावू नका. त्यांना कसर लागते, आणि अनेक देशांत रानपक्ष्यांची पिसं बाळगायलाही मनाई आहे.

पाय शेवटी. बोटं आत वळलेली दाखवा. पाय दुमडलेला असला की बोटं बहुधा मिटलेली असतात. तिथे पोहोचल्यावर बहुतेक डोळे भरून येतील. उठून जायचं असेल तर खुशाल जा, फक्त कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग सैल करा आणि सुई कापडातून काढून ठेवा. आठवडाभर तशीच टोचून राहिली तर गंजाचा डाग पडू शकतो, आणि तो त्या कापडातून सहजी निघत नाही.