पडलेल्या राजपुत्राचा हिशेब

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही ओघात लिहून गेलात की ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या व्हिडिओ गेमचे सगळे मुख्य भाग तुम्ही संपवले आहेत. मग एकदाची क्रमवारी लावाच. पहिला कोण आणि ढ कोण? ‘प्रत्येकाची आपली मजा’ छापाचं उत्तर नको.

उत्तर : नाही देत. ढ कोण हे आधी सांगतो, कारण तिथे मला तिळमात्र शंका नाही. १९९९चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’.

माझं माप काय तेही सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. हा मुळात पडण्याचा गेम आहे. राजपुत्र कठड्यावरून पडतो, सुळ्यांवर पडतो, पायाखालची फरशी निसटून पडतो. म्हणून मी एवढंच बघतो, की पडल्यावर गेम माझ्याकडून काय वसूल करतो आणि ती वसुली रास्त आहे का. थ्रीडीत कॅमेरा भलत्याच कोनात जाऊन बसायचा, उडी अंदाजपंचे मारायची आणि बटण दाबल्यावर राजपुत्र सवडीने हलायचा. त्यात मी शेकड्याने पडलो असेन, पण ‘चुकलं माझं’ असं एकदाही वाटलं नाही. दर वेळी वाटलं, यांनी पाडलं.

पहिला नंबर २००३च्या ‘द सँड्स ऑफ टाइम’ला. पडलात? बटण दाबून धरा, काळ मागे सरकतो आणि राजपुत्र उलटा उडत पुन्हा कठड्यावर येतो. पण ही करामत राजपुत्राच्या खंजिरातल्या वाळूची, आणि ती वाळू मोजकी. ती उधळलीत की ऐन दरीवर हात रिकामे. त्यावर कडी म्हणजे हा सगळा गेम म्हणजे राजपुत्र कुणाला तरी सांगत असलेली गोष्ट आहे. तुम्ही मेलात की त्याचा आवाज येतो, की नाही, असं झालं नव्हतं, मी चुकीचं सांगितलं. मरण म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याची चूक! इतकी सुरेख माफी मला दुसऱ्या कुठल्याच गेमने दिलेली नाही. मारामारी मात्र कंटाळवाणी. राक्षस लोळवला तरी खंजीर खुपसून त्याची वाळू शोषून घेईपर्यंत तो मरत नाही, आणि तोवर बाकीचे पाठीत मारतात. शेवटाकडची लिफ्टमधली मारामारी आठवली की आजही अंगठा दुखतो.

दुसरा १९८९चा मूळ गेम, आणि तो केसाएवढ्या फरकाने दुसरा. जॉर्डन मेकनरने तो ॲपल टू संगणकासाठी लिहिला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ काढला आणि त्यावरून चौकट-चौकट करत राजपुत्र काढला. म्हणून तो तसा हलतो. थांबताना घसरतो, वळताना तोल सावरतो. राजकन्येला सोडवायला मिनिटं साठ. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, पण घड्याळ मागे जात नाही. वसुली मिनिटांत.

आमच्याकडे हा गेम दोघांत मिळून खेळला जायचा. बाण ताईकडे, शिफ्ट माझ्याकडे. ज्यांनी तो खेळलाय त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. उडी मारायची ताईने आणि हवेत असताना शिफ्ट दाबून कठडा पकडायचा मी. मी पापणीएवढा उशीर केला की राजपुत्र खाली आणि ताईची मान माझ्याकडे. बोलायची काही नाही, नुसती बघायची. पुढे सगळे भाग एकट्याने खेळलो, पण पडताना डावा हात अजून शिफ्ट शोधतो.

चौथ्या लेव्हलचा आरसा आठवतो? बाहेरचं दार उघडून परत फिरलात की वाटेत आरसा उभा. धावत येऊन त्याच्यात उडी घ्यायची. आपण इकडून पार होतो आणि तिकडून आपलीच सावली उडी मारून पळते. आपलं आयुष्य दाखवणाऱ्या त्रिकोणांपैकी एकच उरतो. पुढे हीच सावली आपली बाटली पिऊन टाकते, आपल्या तोंडावर दार पाडते. ही सावली गरिबीतून जन्मलेली. संगणकाची मेमरी तुटपुंजी, वेगळा शत्रू काढायला जागाच नव्हती. म्हणून राजपुत्राचंच चित्र एक ठिपका सरकवून स्वतःवरच टाकलं आणि चमचमती आकृती तयार झाली. खलनायक फुकटात!

तिसरा २०२४चा ‘द लॉस्ट क्राउन’. इथे नायक राजपुत्र नाहीच. सर्गोन नावाचा योद्धा पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधायला काफ पर्वतावर जातो. सुळ्यांवर पडलात तर थोडं आयुष्य जातं आणि जवळच परत उभे राहता. लढाईत मेलात तर थेट मागच्या वाक-वाक झाडापाशी, म्हणजे जिथे खेळ जतन होतो तिथे. म्हणजे उडी चुकल्याचा दंड वेगळा, आगाऊपणाचा वेगळा. आणि नकाशावर समोरच्या दृश्याचा फोटो टाचून ठेवण्याची सोय ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला माझा नमस्कार. ‘ते बंद दार कुठे होतं बुवा?’ हा प्रश्नच मिटला.

मधले झटपट. चौथा २००५चा ‘द टू थ्रोन्स’ : राजपुत्राच्या डोक्यात बसून टोमणे मारणाऱ्या काळ्या राजपुत्रासाठी. पाचवा २००८चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, त्याबद्दल खाली पत्र आहेच. सहावा १९९३चा ‘द शॅडो अँड द फ्लेम’. मिनिटं पंचाहत्तर, पण पहारेकरी टोळीने अंगावर येतात, आणि शेवटी एक म्हातारी चेटकीण दाखवून गोष्ट लोंबकळत ठेवलेली. सातवा ‘वॉरियर विदिन’. आठवा २०१०चा ‘द फरगॉटन सँड्स’. त्यात बटण दाबून धरलं की धबधबा गोठून खांब होतो, सोडलं की पुन्हा पाणी. हे गोठवा-सोडा उड्यांच्या तालात करायचं, आणि ते झकासच आहे. बाकी गेम मी संपवला आणि विसरलो.

प्रश्न : २००८च्या भागात मरताच येत नाही. पडलं की राजपुत्राची सोबतीण एलिका हात धरून वर आणते. याला गेम म्हणायचं का? तुम्ही पाचवा दिलात, मी यादीतूनच काढला असता.

उत्तर : एलिका तुम्हाला शेवटच्या पक्क्या जमिनीवर आणून ठेवते. इतर गेममध्ये तुम्ही मरता, पडदा काळा होतो, थोडं थांबता आणि त्याच जमिनीवर उभे राहता. फरक काय? तिने फक्त तो काळा पडदा वाचवला. माझी तक्रार वेगळी आहे. वसुली फार स्वस्त आहे, आणि ती भरून काढायला प्रकाशाची बीजं वेचत हिंडवलंय. सोयाबीनचे दाणे वेचल्यासारखं.

पण शेवट! (खेळायचा असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

अहरिमान या अंधाराच्या देवाला कोंडण्यासाठी एलिका जीव देते. गेम जिंकलेला आहे. आणि मग राजपुत्र जाऊन त्याला कोंडून ठेवणारी झाडं तोडतो, अहरिमानला मोकळा करतो, तिला परत आणतो. हे नुसतं बघायचं नसतं, प्रत्येक घाव तुम्हीच घालायचा असतो. दहा-बारा तास घालून जे उभारलं ते स्वतःच्या हाताने पाडायचं. जिने आपल्याला शेकडो वेळा वर ओढलं, तिची एका उचलीत परतफेड, तीही तिला न विचारता. मरता येत असतं तर हा शेवट लागूच पडला नसता. म्हणून पाचवा.

प्रश्न : ‘वॉरियर विदिन’ सातवा?? दहाका हा राक्षस मागे लागतो तेव्हा छाती धडधडत नाही तुमची?

उत्तर : धडधडते हो. मागून काळे हात सरपटत येतात आणि पाण्याचा पडदा गाठेपर्यंत श्वास घेता येत नाही. मारामारीही ‘सँड्स ऑफ टाइम’, हा आणि ‘द टू थ्रोन्स’ या त्रिकुटात सर्वांत सरस, शत्रूचीच तलवार हिसकावून त्याच्यावर फेकता येते. पण त्याच त्या दालनांतून कधी भूतकाळात, कधी वर्तमानात इतक्या येरझाऱ्या घालायला लावतात, की बेट राजपुत्रापेक्षा मलाच जास्त पाठ झालं. आधीच्या भागातला फुशारक्या मारणारा, लाजणारा पोरगा इथे नुसता गुरगुरतो. आणि शेवट दोन. आयुष्य वाढवणाऱ्या नऊही जागा शोधल्यात तर पाण्याची तलवार मिळते आणि वेगळा शेवट दिसतो. पुढचा भाग त्या दडवलेल्या शेवटावरून सुरू होतो! मी साधा शेवट पाहून ‘द टू थ्रोन्स’ लावला. कैलीनाला, म्हणजे काळाच्या सम्राज्ञीला, मी माझ्या हाताने मारलेलं, आणि ती जहाजात शेजारी उभी. अर्धा तास मला वाटत होतं, चुकीची सीडी घातली.

प्रश्न : मुलाला मूळ गेम लावून दिला. बाराव्या लेव्हलला सावलीशी लढून लढून रडकुंडीला आलाय. युक्ती सांगा.

उत्तर : वार सावलीला लागला की त्रिकोण कोणाचा जातो, एवढंच त्याला बघायला सांगा. त्यानंतरही नाही कळलं तर खालचा बाण दाबा म्हणावं, तलवार म्यान होते.

प्रश्न : ‘सँड्स ऑफ टाइम’मध्ये फराह एक विचित्र शब्द सांगते. ‘काकोलुकिया’की काहीतरी. तो खरा शब्द आहे की बनवलेला?

उत्तर : खरा, आणि आपल्या घरचा. ‘काकोलूकीयम्’, म्हणजे कावळे आणि घुबडांसंबंधी. पंचतंत्रातल्या तिसऱ्या तंत्राचं हेच नाव. कावळ्यांचा म्हातारा मंत्री हाकलून दिल्याचं सोंग करून घुबडांच्या किल्ल्यात शिरतो, ती गोष्ट. फराह भारतातल्या महाराजांची मुलगी, तेव्हा हा शब्द तिच्या आईने तिला शिकवलेला असणं अगदी बसतं. भीती वाटली की हा शब्द म्हणायचा, आईने सांगितलेलं. कुणालाही न सांगितलेलं हे गुपित ती राजपुत्राला सांगते.

शेवटी सगळा काळ मागे फिरतो आणि फराहला काहीच आठवत नसतं. राजपुत्र तिच्या दालनात शिरून अख्खी गोष्ट सांगतो. आपण खेळत होतो ती हीच. तिचा विश्वास बसत नाही. तो तिचं चुंबन घेतो, ती ढकलून देते, आणि हा पठ्ठ्या तेवढाच काळ मागे घेऊन चुंबन पुसून टाकतो. मग खंजीर तिच्या हातात ठेवून निघतो. ती नाव विचारते, तर तो हा शब्द सांगतो. फराहचा चेहरा नीट बघा.