खोकलं की लघवी गळते. इंजेक्शनने थांबेल का?

मागच्या अंकात लघवी गळण्यावरच्या जेल-इंजेक्शनचा दोन ओळींत उल्लेख झाला आणि त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ४८. घरी चार म्हशी. धार काढून किटली उचलली की लघवी गळते. खोकला, शिंक, हसणं, सगळ्याला तेच. चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या उतरताना पॅड बदलायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. इंजेक्शनने हे थांबतं का? (कागल तालुका)

बऱ्याच जणींचं थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं. पण वयाच्या नावावर खपवायचा हा प्रकार नाही, ताई. आधी गळती कुठल्या जातीची ते ठरवावं लागतं.

तुम्ही लिहिलेली गळती पोटावर दाब आल्यावरची आहे. मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू आणि त्याला खालून पेलणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले की ती सुरू होते. बाळंतपणं, पाळी जाणं, वाढलेलं वजन, जुना खोकला, रोज कुंथावं लागणं ही त्यामागची नेहमीची कारणं. इंजेक्शन हे स्नायू बळकट करत नाही. मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराखाली जेलचे तीन-चार फुगवटे तयार होतात. ते मध्यभागी एकमेकांना टेकतात आणि शिंक आली तरी मार्ग मिटलेला राहतो.

दुसऱ्या जातीत अचानक घाई लागते आणि संडासच्या दारापर्यंत पोचायच्या आत गळतं. त्यावर हे जेल चालत नाही, उलट घाई वाढू शकते. तिथे लघवी रोखायची सवय लावणं, गोळ्या, आणि त्याने भागलं नाही तर लघवीच्या पिशवीच्या भिंतीत बोटॉक्स (स्नायू सैल करणारं औषध), असा क्रम असतो. बोटॉक्सलाही लोक ‘लघवीचं इंजेक्शन’च म्हणतात, म्हणून कुणाला कशाचा गुण आला ते नीट विचारून घ्या.

दवाखान्यात जाण्याआधी तीन दिवस वहीत लिहा : किती वाजता काय प्यायलं, किती लघवी झाली (मापाचं प्लॅस्टिकचं भांडं ठेवा), कधी गळलं, त्या वेळी काय करत होता. ही वही नुसत्या तोंडी हकिकतीपेक्षा जास्त सांगते. तपासण्या मोजक्याच लागतात : लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतू आहेत का ते बघणं), लघवी केल्यावर पिशवीत किती उरते याची सोनोग्राफी, आणि पिशवी भरलेली असताना खोकायला लावून केलेली तपासणी. दोन्ही जातींची गळती एकत्र असेल किंवा आधी ऑपरेशन झालं असेल तरच लघवीच्या दाबाची मोठी तपासणी करावी लागते.

प्रश्न : ओटीपोटाचे स्नायू आवळायचा व्यायाम सहा महिने केला, काडीचा फरक नाही. आता थेट इंजेक्शन घेऊ का? (शाहूपुरी)

व्यायाम बरोबर होत होता का, हे आधी तपासून घ्या. श्वास कोंडून खाली जोर लावला, किंवा नुसती कुल्ली आणि मांड्या आवळल्या, तर गळती वाढतेसुद्धा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जसं आतून वर ओढून धरतो, तसं धरायचं. पोट सैल, श्वास चालू. सुरुवातीला ३-४ सेकंद धरा, हळूहळू १० सेकंदांपर्यंत जा. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. वजन उचलतानाही तेच. लघवीची धार मध्येच तोडून रोज सराव करू नका, त्याने पिशवी पूर्ण रिकामी न होण्याची खोड लागते. फिजिओथेरपिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ आतून तपासून आवळणं जमतंय की नाही ते दोन मिनिटांत सांगतात. जमत असूनही फरक नसेल, तर पुढचं बोलू.

प्रश्न : इंजेक्शन नेमकं कुठे आणि कसं देतात? भूल लागते का? (इचलकरंजी)

बहुतेक वेळा ती जागा बधिर करूनच होतं. फार भीती वाटत असेल तर थोडी गुंगी देतात. त्याच दिवशी घरी जाता येतं. प्रत्यक्ष काम १०-१५ मिनिटांचं.

लघवीत जंतू असतील तर त्या दिवशी करत नाहीत, आधी औषधाचा कोर्स. एरवी अँटिबायोटिकचा एक डोस, मूत्रमार्गात बधिर करणारी लिग्नोकेनची जेली आणि बाजूला बधिर करायची सुई. मग बारीक दुर्बीण आत जाते. पिशवीच्या तोंडाच्या साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर अलीकडे, घड्याळाच्या २, ५, ७ आणि १० या आकड्यांच्या जागी अस्तराखाली सुई घालून जेल सोडतात. फुगवटे मध्यावर टेकले की थांबायचं. सध्या जास्त वापरात असलेल्या पॉलिअॅक्रिलामाइड जेलमध्ये ९७.५ टक्के पाणी असतं आणि एकूण दीड ते दोन मिली पुरतं.

इतक्या थोड्या औषधात सगळं यश जागेवर ठरतं. सुई खोल गेली तर फुगवटा आतल्या बाजूला येतच नाही. फार वर राहिली तर अस्तर फाटतं आणि जेल बाहेर येतं. एकाच जागी पुन्हापुन्हा टोचलं तर त्या भोकांतून ते निसटतं. म्हणून ‘हे तुम्ही नेहमी करता का?’ असं डॉक्टरांना खुशाल विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

घरी सोडण्याआधी लघवी करायला लावून मागे किती उरली ते बघतात. पहिले एक-दोन दिवस जळजळ आणि लघवीला किंचित लालसर रंग चालतो. ताप, थंडी, गाठी पडणारं रक्त किंवा लघवी अजिबात न होणं चालत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आठवडाभर किटली, घागर, उसाची मोळी दुसऱ्या कुणी उचलावी, आणि शरीरसंबंधही तेवढे दिवस टाळावा.

प्रश्न : माझं इंजेक्शन झालं, पहिले काही दिवस कोरडी होते. इंजेक्शनच्याच रात्री लघवी अडकली म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात नळी घालून दोन दिवस ठेवली. आता पुन्हा गळतं. पैसे पाण्यात गेले? (गडहिंग्लज)

सगळे गेले असं नाही, पण कारण बहुधा त्या नळीतच आहे. ताज्या फुगवट्यांमधून जाड नळी गेली आणि तिथेच राहिली, की जेल तिच्याभोवती दबून बाजूला सरकतं आणि मधे नळीएवढी वाट राहते. लघवी अडकली तर १२ नंबरची किंवा त्याहून बारीक नळी घालून पिशवी रिकामी करायची आणि नळी लगेच काढायची. गरज पडली तर काही तासांनी पुन्हा तसंच. सूज उतरली की बहुतेकींना एक-दोन दिवसांत आपोआप लघवी होते. हे रात्रपाळीच्या डॉक्टरला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्यावं. हे पत्र मुद्दाम त्यासाठीच निवडलं.

दुसरा डोस घेता येतो. या जेलसाठी मधे किमान ४ आठवडे जाऊ देतात, सिलिकॉनच्या प्रकारासाठी १२. नळी न घालतासुद्धा बऱ्याच जणींना दुसरा डोस लागतो, तेव्हा सुरुवातीलाच खर्चाचा अंदाज मागताना सिरिंज किती लागतील आणि दुसऱ्या खेपेचं काय, हे लिहून मागा.

प्रश्न : ऑपरेशन करून टेप बसवणं चांगलं की हे? (ताराबाई पार्क)

टेप म्हणजे मूत्रमार्गाला खालून आधार द्यायला बसवलेली जाळीची पट्टी. गळती पूर्ण थांबवण्यात टेप पुढे आहे. फिनलंडमध्ये दोन्हींची समोरासमोर तुलना झाली तेव्हा वर्षअखेर टेप घेतलेल्यांपैकी ९५ टक्के समाधानी होत्या, जेल घेतलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या आसपास. पण गुंतागुंतीही टेपवाल्या गटातच जास्त झाल्या. जाळीच्या टेपवरून परदेशात इतक्या तक्रारी झाल्या की इंग्लंडने २०१८ मध्ये तिचा सर्रास वापर थांबवला. आमचं मत असं : तब्येत धडधाकट, गळती जोराची आणि ‘एकदाच काय ते संपवा’ असं म्हणणारी असेल तर ऑपरेशनचा विचार करावा. भूल झेपत नसेल, जाळी नको असेल, किंवा निम्मं थांबलं तरी चालेल असं वाटत असेल तर जेल.

प्रश्न : आत्यांचं (सासूबाई) वय ७२, शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. त्यांना चालेल? (हुपरी)

अशांसाठीच तर हा उपाय जास्त सोयीचा. गोळी मनाने बंद करू नका; हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. शुगर आटोक्यात आणा, नाहीतर जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही. त्यांच्या ओटीपोटाला पूर्वी कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) दिले असतील तर आधीच सांगा, तिथे अस्तर जेल नीट धरेलच असं नाही.

प्रश्न : मला अजून एक मूल हवंय. आधी इंजेक्शन घेऊ? (पन्हाळा)

थांबा. बाळंतपणात पुन्हा सैल पडेल. तोवर वर सांगितलेला आवळण्याचा व्यायाम, आणि धावणं-उड्या असं काही करायला जाताना योनीत बसवायची रिंग.

प्रश्न : आतलं जेल पुढे शरीरात पसरत नाही ना? (राजारामपुरी)

भीती निराधार नाही. १९७०च्या दशकात टेफ्लॉन वापरायचे, त्याचे कण फुप्फुसापर्यंत गेलेले सापडले. नंतर गाईच्या कोलॅजनचं इंजेक्शन आलं. ते शरीरात विरघळायचं, आधी त्वचेवर अॅलर्जी तपासावी लागायची, आणि २०११ मध्ये ते बाजारातून गेलं. आजचं पॉलिअॅक्रिलामाइड जेल विरघळत नाही आणि त्यात सुटे कण नसल्याने जागा सोडून प्रवास करत नाही. अमेरिकेत त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. मात्र पुढे कधी सोनोग्राफी किंवा एमआरआय झाला तर हे फुगवटे गाठ किंवा पाण्याची पिशवी म्हणून वाचले जातात आणि घरात उगाच घबराट होते. जेलचं नाव, तारीख आणि किती मिली दिलं, एवढं लिहिलेलं कार्ड फाइलमध्ये ठेवा आणि तपासणीच्या टेबलावर झोपायच्या आधीच दाखवा.