गोळी लागू पडली, पण टाच धरली

प्रश्न : वय ६४. ऐन उमेदीत कुस्ती केली, आता तालमीत पोरांना शिकवतो. लघवीला जळजळ आणि थंडी-ताप होता म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० ची गोळी सकाळ-संध्याकाळ दिली होती. ताप लगेच उतरला. पण चौथ्या दिवसापासून उजवी टाच मागून ठणकायला लागली. छातीत धडधडतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. दम्याच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत. टाच तेलानं चोळून घेतली, उतार नाही. गोळीचा आणि टाचेचा काही संबंध असेल का?
— एक वस्ताद, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : वस्ताद, संबंध आहे, आणि तो ओळखून तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे दुखणं नव्हतं, म्हणून पत्र मिळताच तुम्हाला फोन करून दवाखान्यात बोलावलं. तुमच्या परवानगीनं सगळं इथं लिहिते, कारण आपल्या गावात तालमी पुष्कळ आणि ही गोळी घराघरांतल्या डब्यात.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही सगळी एकाच कुळातली औषधं. मळमळ, जुलाब, डोकं जड होणं हे त्यांचे नेहमीचे त्रास, बहुतेकांना सोसवतात आणि गोळी संपली की जातात. टाचेचं तसं नाही. पोटरी आणि टाच जोडणारी जी जाड शीर आहे (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) तिच्यावर या औषधांचा क्वचित, पण गंभीर परिणाम होतो. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत असं दिसतं की शिरेला बळकटी देणारं कोलॅजेन तोडणारी विकरं (एन्झाइम) वाढतात. मग मोटेच्या नाड्याचे पीळ आतून एकेक करून सुटावेत, तशी ती शीर कमजोर होते. वरून फक्त ठणका जाणवतो. अशा वेळी जोर लावला तर शीर तुटते. तुटताना ‘फट्’ असा आवाज येतो, मागून कुणी काठी हाणली असं वाटतं आणि चवड्यावर उभं राहता येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २००८ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावर शिरेच्या धोक्याची ठळक चौकट छापायला लावली, ती याचसाठी.

साठीच्या पुढचं वय आणि स्टेरॉईडची गोळी, या दोन्हींनी हा धोका वाढतो. तुमच्या पिशवीतून दम्याच्या गोळ्या टेबलावर ओतल्या तेव्हा त्यात प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी निघाली. म्हणजे दोन्ही गोष्टी तुमच्याकडे होत्या. तुम्हाला पालथं झोपवून पोटरी दाबली, तेव्हा पाऊल खाली झुकलं. त्यावरून शीर शाबूत आहे हे कळलं आणि मला हायसं वाटलं. शीर पूर्ण तुटलेली असती तर पोटरी दाबूनही पाऊल जागचं हललं नसतं. मात्र टाचेच्या वर दोन बोटांवर सूज होती आणि तिथं हात लावला की तुम्ही पाय ओढून घेत होतात.

पिशवीत दुसरी गोळी होती थिओफायलिनची. तुमच्या धडधडीचं आणि झोप उडण्याचं मूळ तिथं आहे. यकृतातलं जे विकर थिओफायलिनचा निचरा करतं, त्याचं काम सिप्रोफ्लॉक्सासिन मंदावतं. गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात ती साठत जाते. हात थरथरतात, उलट्या होतात, फार वाढली तर झटकेही येतात. चहातल्या कॅफिनचाही निचरा त्याच वाटेनं होतो, त्यामुळे तुमचा दर तासाचा चहा त्यात भर घालत होता. ज्यांनी लघवीसाठी गोळी दिली त्यांना दम्याच्या गोळ्या दाखवल्याच नव्हत्या, असं तुम्ही सांगितलंत. आम्ही डॉक्टरांनी विचारायला हवं हे खरंच, पण तुम्हीही पिशवी घेऊनच जात जा. सगळी पिशवी.

तुमच्या डॉक्टरांशी बोलून सिप्रोफ्लॉक्सासिन बंद केली आणि लघवीच्या कल्चरच्या रिपोर्टवरून वेगळ्या कुळातलं औषध सुरू झालं. स्टेरॉईड मात्र मनानं एकदम बंद करायचं नाही, त्यानं दुसरंच संकट ओढवेल. पायाला पूर्ण विश्रांती द्या. चोळणं बंद, कुणाला पाय तुडवायला लावणं बंद, बैठका बंद. पोरांना डाव दाखवायचा तर खुर्चीवर बसून तोंडानं सांगा. या शिरेला भरून यायला आठवडे, कधी महिनेही लागतात, आणि गोळी संपल्यावर काही महिन्यांनीही शीर तुटू शकते. दुखतं म्हणून दुकानातून अंगदुखीची गोळी आणू नका. तसल्या काही मिश्र गोळ्यांत टिझानिडिन असतं. ते सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर कधीच घ्यायचं नसतं, रक्तदाब धाडकन खाली येतो.

आता खुराकाचं. गोळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाच्या पेल्याबरोबर घेत होतो, हे तुम्ही मोठ्या कौतुकानं सांगितलंत. दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं, सुमारे एक तृतीयांश औषध अंगी लागतच नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी, ॲसिडिटीचं पांढरं औषध यांचंही तेच. सिप्रोफ्लॉक्सासिन पाण्याबरोबर घ्यायची, आणि या गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. (कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. दूध तापवून प्या, म्हशीचा अपमान होत नाही!)

हे वाचून कुणी चालू असलेली गोळी फेकून देऊ नये. मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या संसर्गात, काही हट्टी जंतूंवर हे औषध जीव वाचवतं. माझा राग आहे तो जुलाब झाले, घसा धरला की चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या मागणाऱ्यांवर आणि देणाऱ्यांवर. साध्या सर्दीला तिचा काडीचा उपयोग नाही. गोळी चालू असताना टाच, खांदा किंवा मनगट अचानक दुखू लागलं, हातापायाला मुंग्या आल्या, वयस्कर माणूस असंबद्ध बोलू लागलं, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. छातीत किंवा पाठीत एकाएकी असह्य कळ आली तर फोनात वेळ घालवू नका, थेट कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

प्रश्न : सासूबाईंना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड चालू आहे. खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिन दिल्यापासून त्यांना दरदरून घाम येतो, हात कापतात. अशक्तपणाच असेल ना?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. लिव्होफ्लॉक्सासिन त्याच कुळातलं, आणि ग्लिमेपिराइडबरोबर ते रक्तातली साखर फार खाली आणू शकतं. बेशुद्ध पडण्यापर्यंत वेळ येते, असा इशारा २०१८ मध्ये दिला गेला आहे. घाम आला की लगेच साखर तपासा. साखर कमी निघाली किंवा यंत्र हाताशी नसेल, तर वाट न बघता तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा. दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन आजच त्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि तोवर सासूबाईंना उपाशी झोपू देऊ नका.

औषधाचा असा त्रास झाला तर सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो.