गोठ्याला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप घालावा की साधा लोखंडी पाईप रंगवून? शेणामुतात किती वर्षं टिकेल?

जीआयच घाला, पण तोही सडतो. "जीआय हाय, त्याला काय होतंय?" असं आमचा थोरला भाऊ छातीठोक सांगायचा, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आम्ही पलूस तालुक्यातले. 2016 ला बारा गाईंचा गोठा बांधला. पाचव्या पावसाळ्यात एका गाभण गाईनं अंग घासलं आणि दावणीचा खांब बुडातनं मोडला, तिच्या खांद्याला वीतभर चीर पडली. मोडका पाईप उचलून बघितला. कमरेच्या उंचीला नव्यासारखा, पण कोब्यापासून चार बोटं वर पापडासारखा झालेला. शेजारच्या खांबाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला आणि आतनं ओली तांबडी भुकटी सांडली.

दादा म्हणाला, तू रोज पाणी मारून धुतोस म्हणून सडला. आजवर तेच म्हणतोय. पाण्यानंच सडायचा असता तर धुताना भिजणारा सगळाच पाईप सडला असता. सडला तिथंच, जिथं शेणाचा थर चिकटून बसतो. मुताचा अमोनिया होतो, मुतात मीठही असतं, ओल हटत नाही आणि हवा लागत राहते.

शिवाय आमचा पाईप पत्र्यापासून वळलेला, दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 120 ग्रॅम जस्ताचा. म्हणजे एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉन. वेल्डिंग केलं तिथं तेवढंही जळून गेलं आणि वेल्डरनं वरून चंदेरी रंग फासला. तो रंग ॲल्युमिनियमचा असतो. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, हा रंग नुसता झाकतो. वेल्डिंगवर जस्ताचंच प्रायमर मारून घ्या.

खरं म्हणजे जोडकाम आधी उरका आणि मग अख्खा सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून आणा. खर्च वाढतो, पण वाढू द्या. खांब कोब्यात पुरू नका. फूटभर उंच काँक्रीटचा ठोकळा करून त्यावर प्लेटनं बसवा. पाण्याच्या भांड्याला पितळी व्हॉल्व्ह नको, अमोनियानं पितळेला तडे जातात.

तुमचा गोठा मुक्तसंचार आणि कोरडा असेल, तर साधा रंगवलेला पाईपही बरीच वर्षं काढेल. आणि धुतल्यावर खांबाच्या बुडाशी पाणी तुंबत असेल, तर दादाचं म्हणणं तुमच्या गोठ्याला लागू आहे. आमच्या कोब्याला दहा फुटाला दोन इंच उतार होता. लेव्हल ट्यूब मी धरली होती, दुसरं टोक दादाच्याच हातात होतं.