वाचकांचे प्रश्न : अटकेचा कोटा

प्रश्न : स्तालिनच्या काळात किती माणसे मारायची याचे आकडे आधीच ठरत, हे खरे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : होय, खरे आहे. सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या (एनकेव्हीडी) ३० जुलै १९३७ च्या आदेश क्र. ००४४७ मध्ये प्रत्येक प्रांताचा आकडा दिला होता. पहिली श्रेणी म्हणजे गोळी, दुसरी म्हणजे ८ ते १० वर्षे सक्तमजुरीची छावणी. सुरुवातीचा कोटा होता पहिल्या श्रेणीत सुमारे ७६ हजार, दुसऱ्यात १ लाख ९३ हजार. प्रांताधिकारी मॉस्कोकडे वाढीव कोटा मागत आणि तो बहुधा मिळे, म्हणूनच आकडे फुगत गेले. मागे राहणाऱ्या अधिकाऱ्यावर स्वतःच शत्रू ठरण्याची पाळी येई.

निकाल ‘त्रोइका’ देई : गुप्त पोलीसप्रमुख, पक्षाचा सचिव आणि सरकारी वकील. आरोपी समोर नाही, बचावाचा वकील नाही, अपील नाही. एका बैठकीत शेकडो प्रकरणे निघत. पुरावा बहुतेकदा मारहाणीने काढलेला कबुलीजबाब, त्यातल्या नावांवरून पुढच्या अटका.

सर्वांत क्रूर भाग नातेवाइकांच्या वाट्याला आला. गोळी घातलेल्यांच्या घरी ‘१० वर्षे, पत्रव्यवहाराचा हक्क नाही’ असे सांगत. १९५५ नंतरही मृत्यूच्या दाखल्यांवर खोट्या तारखा आणि न्यूमोनियासारखी खोटी कारणे लिहिली गेली.