टाकाऊतून टिकाऊ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या आजेसासूबाई रद्दीच्या लगद्याच्या टोपल्या करीत असत आणि त्यांपैकी एक टोपली आमच्या घरात अजून धडधाकट आहे. मी श्रावणात तशाच दोन टोपल्या करून पाहिल्या. एकीला बुरशी आली. दुसरी कडक उन्हात ठेवली, तर ती तडकली आणि पुढे तिला बारीक कीडही लागली. माझे काय चुकले असावे? (एक वाचक भगिनी, पारोळा)

उत्तर : आपल्या पत्रावरून तीन वेगवेगळ्या चुका दिसतात. त्यांतली पहिली ऋतूची आहे. लगदा हे काम चैत्र-वैशाखाचे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्या दिवसांत टोपली सावलीतच तीन-चार दिवसांत वाळते, तर श्रावणातल्या दमट हवेत आठवडा उलटला तरी तिच्या पोटात ओल राहते आणि बुरशीला तेवढी ओल पुरते.

तडकण्याचे कारण मात्र ऊन हेच आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात लगद्याचा वरचा थर आधी वाळून आक्रसतो, आतला थर ओलाच असल्यामुळे त्याच्याबरोबर आक्रसत नाही, आणि या ओढाताणीत भेग पडते. शिवाय लगदा पालथ्या पातेल्यावर बाहेरून थापला असेल, तर वाळताना तो पातेल्याला आवळून बसतो आणि मग काठाशी फाटतो. म्हणून मी तो घमेल्याच्या आतल्या बाजूने थापते. घमेल्यात आधी प्लास्टिकचा कागद अंथरावा. आतून थापलेला लगदा आक्रसला की भांड्यापासून आपणहून सुटतो. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये; पहिला थर निम्मा वाळल्यावर दुसरा द्यावा.

आता कीड. आपण गव्हाच्या कणकेची खळ भरपूर घातली असे लिहिले आहे. कणीक हे किडीचे अन्नच आहे, त्यामुळे ती आली यात नवल नाही. जुन्या बायका लगद्यात मेथ्या वाटून घालीत, त्यामागे दोन हिशेब असत. भिजलेल्या मेथीला जो बुळबुळीतपणा येतो, तो कागदाचे तंतू एकमेकांना घट्ट धरतो, आणि तिच्या कडूपणामुळे कीड कमी लागते, असा अनुभव आहे. एक किलो कोरड्या रद्दीला सव्वाशे ग्रॅम मेथ्या रात्रभर भिजवून वाटून घ्याव्यात. रद्दी फाडून दोन-तीन दिवस भिजत घालावी, पाणी रोज बदलावे आणि मग ती कुटून एकजीव करावी. गुळगुळीत चकचकीत पानांची मासिके यात घेऊ नयेत, कारण त्या कागदावर खनिज भुकटीचा लेप असतो आणि त्याचा लगदा चिवट होत नाही. (आमचे मासिकही त्यातच मोडते, हे कबूल करायला हवे.) वरून कागद चिकटवायचा असल्यास चिंचोके भाजून, सोलून, दळून शिजवलेली खळ कणकेपेक्षा चांगली. काही जण खळीत मोरचूद घालायला सांगतात. ते विषारी आहे. धान्याच्या किंवा लहान मुलांच्या हाताशी येणाऱ्या वस्तूत ते घालू नये.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरीही सांगते. छापील कागदाच्या टोपलीत भाकरी थेट ठेवू नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, अशी सूचना देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली दिली, ती छपाईच्या शाईमुळेच. टोपलीत लसूण-कांदे ठेवा, लोकरीचे गुंडे ठेवा. भाकरी ठेवायचीच असेल, तर खाली धुतलेले जाड फडके घाला.

प्रश्न : घरात साड्यांचा ढीग साठला आहे. आखाजीला मुली माहेरी येतात, तेव्हा सगळ्या मिळून गोधडी शिवावी असा विचार आहे. परंतु कोणती साडी सुती आणि कोणती नाही, हेच आता कळत नाही. (एक वाचक, शिंदखेडा)

उत्तर : साडीच्या पदराचा एक धागा ओढून काढावा, तो चिमट्यात धरावा, खाली पाण्याने भरलेली ताटली ठेवावी आणि धाग्याला काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर किंवा नायलॉनचा धागा वितळून आखडतो आणि टोकाला कडक मणी धरतो. तो मणी गार होईपर्यंत हात लावू नये.

गोधडीत अंगाला लागणारे दोन्ही थर सुतीच हवेत. कृत्रिम धाग्याची साडी घाम टिपत नाही आणि तिचा निसरडा थर मधे असला, तर टाक्यांवर ताण येऊन गोधडी दोन वर्षांत गोळा होते. जुने नऊवारी लुगडे मिळाले, तर ते वरच्या बाजूला घ्यावे. अनेक वेळा धुतल्याने मऊ झालेले सूत आता आणखी आटणारही नसते. नवे कापड मधे घालण्याचा मोह झाला, तर ते आधी दोनदा धुऊन वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात तेवढाच थर आटतो आणि सगळी गोधडी सुरकुतते. तीन ते पाच थर पुरेत. त्याहून जास्त थरांतून सुई ओढताना बोटे दुखतात आणि ओली गोधडी एकट्या बाईला पिळता येत नाही. धावदोरा कडेकडेने सुरू करून चौकोनाच्या आत चौकोन असा मध्यापर्यंत न्यावा.

उरलेल्या नायलॉनच्या साड्यांचे पायपुसणे करावे. साधारण साडेपाच मीटर लांबीच्या साडीच्या दहा-दहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या, तीन पट्ट्यांची वेणी घातली आणि ती वेणी गोल फिरवीत कडेला कड शिवत नेली, की एका साडीत जवळपास दोन फूट व्यासाचे पायपुसणे होते. ते लवकर वाळते, त्यामुळे न्हाणीघराच्या दारात सुतीपेक्षा बरे.

प्रश्न : आमच्या कापसाच्या शेतावर फवारणीच्या औषधांचे बरेच रिकामे डबे साठतात. ते धुऊन, रंगवून त्यांत तुळस आणि कोथिंबीर लावली तर चालेल का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : नाही. या प्रश्नाला दुसरे उत्तर नाही. औषधाचा अंश प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो, तो घरच्या धुण्याने पूर्ण जात नाही, आणि त्यात लावलेली कोथिंबीर आपल्याच ताटात येते. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण पाहूनही डबा घरात आणू नये. रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये सांगितले आहे. डबा न फोडता टाकला, तर कोणीतरी तो उचलून पाणी भरायला नेते. कुंडीसाठी तेलाचा जुना डबा घ्या, तळाला चार भोके पाडा आणि पत्र्याच्या कडा ठोकून आत वळवा.

प्रश्न : यंदा गुलाबाईसाठी घरच्या घरी मखर करायचे आहे. थर्माकोल टाळून काय वापरावे? (दोन बहिणी, जामनेर)

उत्तर : थर्माकोलच्या सजावटीला आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहेच. फ्रीज किंवा कूलरचे पन्हाळीदार पुठ्ठ्याचे खोके मागून आणा. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळी उभ्या राहतील अशा बेताने खांब कापा. आडव्या पन्हाळीचा खांब दोन दिवसांत वाकतो. खांब आणि कमान डिंकाने न चिकटवता एकमेकांत खाचा पाडून बसवा, म्हणजे कोजागरीनंतर मखर सुटे करून पलंगाखाली ठेवता येईल आणि पुढच्या भाद्रपदी पौर्णिमेला पुन्हा उभारता येईल. पुठ्ठ्यावर गेरू आणि खडूच्या पुडीचा रंग छान बसतो. समई मखरापासून हातभर दूर ठेवा.

खाऊचा डबाही पुठ्ठ्याचाच करू का, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. तो मात्र जुना पत्र्याचाच असू द्या. पुठ्ठ्याच्या डब्यात शेंगदाणे काय आणि चिवडा काय, हलवल्यावर सारखेच वाजतात, मग मैत्रिणींनी खाऊ ओळखायचा कसा?